नवतप्यातले ढेकूण

तलावाच्या खिडकीशेजारी नियमांची पाटी आहे. डोक्याला टोपी हवी, अंगाला तेल लावून येऊ नये, आधी शॉवर घ्यावा, पाण्यात थुंकू नये, आणि मध्येच कुठेतरी, त्वचारोग असलेल्यांना प्रवेश मिळणार नाही. अशा पाट्या आपण कधी वाचत नाही. यंदा एप्रिलच्या शेवटी मात्र उन्हाळी बॅचच्या पोरांच्या गर्दीत उभं राहून मी ती ओळ नीट वाचली. माझ्या दंडापासून मनगटापर्यंत लाल गांधी उठल्या होत्या आणि कॉस्च्यूमला बाह्या नव्हत्या.

पाण्यात परत गेले ती गुडघ्यांसाठी. शाळेत विज्ञान शिकवण्यात हयात गेली, म्हणजे हयात उभ्यानंच गेली. निवृत्तीच्या आगेमागे काही वर्षं रोज सकाळी तलावावर जायचे. २०२० च्या मार्चमध्ये तलाव बंद झाले, पुन्हा उघडले तेव्हा घरात सासूबाईंचं अंथरुणावरचं आजारपण होतं, आणि त्यात माझं पाणी सुटलं ते सुटलंच. मध्यंतरी डाव्या गुडघ्यानं जिना मोजायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, सांध्यातली फट कमी झालीय म्हणाले. ऑपरेशनची घाई नको, मांडीचे स्नायू घट्ट करा. पोहता येतं ना? मग पोहू नका, पाण्यात चाला.

पाण्यात चालणं बघणाऱ्याला हास्यास्पद दिसतं. उथळ बाजूला आम्ही साठीच्या आसपासच्या सात-आठ बायका, टोप्या घातलेल्या, गंभीर चेहऱ्यानं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जातो. मग तसंच उलटं. मग खेकड्याच्या चालीनं आडवं. मग कठडा धरून पाय पुढे, मागे, बाजूला. पलीकडे सूर मारणारी पोरं आमच्याकडे बघून हसतात. हसू देत. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं निम्मंच वजन पायांवर येतं, छातीपर्यंत गेलं की जेमतेम एक तृतीयांश. माझं वजन ७४ किलो. जमिनीवर जिना चढताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भार पडतो, म्हणजे माझ्या बाबतीत दोनशे किलोच्या वर. छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले की दोन्ही पायांत मिळून पंचवीसेक. आर्किमिडीजचं तत्त्व मी आयुष्यभर फळ्यावर खडूनं लिहिलं. ते स्वतःच्या गुडघ्यात कळायला साठी यावी लागली. आणि पाणी नुसतं उचलून धरत नाही, अडवतंही. जितक्या जोरात पाय हलवावा तितकं ते जास्त आडवं येतं. वेग दुप्पट केला की अडवणूक चौपट. म्हणजे व्यायाम किती कठीण करायचा हे आपल्या हातात, आणि तोल गेला तरी पडायची भीती नाही.

दोन-तीन आठवड्यांत बरं वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात या गांधी.

घरात निदान तयार होतं. नवरा म्हणाला, "क्लोरीन. पहिल्या दिवशीच म्हणालो होतो." मुलीनं पुण्याहून फोनवर फोटो मागवून घेतला आणि क्लोरीनलाच मत दिलं. शेजारच्या वहिनींनी घामोळ्या ठरवल्या. नागपूरच्या एप्रिलात त्यात चूक काही नव्हतं. एकूण रोख असा की तलाव बंद करावा. गुडघा एक सांगत होता आणि कातडी दुसरं.

पण मला ते पटेना. क्लोरीननं अंग उठायचं तर जिथं जिथं पाणी लागतं तिथं उठायला हवं, निदान कॉस्च्यूमच्या काठाखाली, जिथं ओला कपडा घासतो तिथं तर हवंच. माझं पोट साफ, पाठ साफ. गांधी होत्या त्या हातावर, मानेवर, घोट्यांवर. म्हणजे गाऊनच्या बाहेर जे जे उरतं तिथं. आणि घामोळ्या रांगेत उठत नाहीत. या तीन-तीन, चार-चार एका ओळीत होत्या, कोणीतरी मोजून टिंबं दिल्यासारख्या. शिवाय एका पलंगावर झोपून नवऱ्याच्या अंगावर एकही डाग नाही. त्यावरून तो अंथरुणाला निर्दोष ठरवून मोकळा झाला.

तलावाची बॅच सहाची, म्हणून मी पाचच्या आधी उठते. मे उजाडता एक दिवस दिवा न लावता मोबाइलचा टॉर्च उशीवर मारला. मसुरीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी, कशिद्याच्या टाक्यांवरून आरामात चालत निघालेला. पोट भरलेलं असावं, घाई नव्हती. टॉर्च गादीच्या शिवणीकडे वळवला तर तिथं शाईच्या बोरूनं उठवावेत तसे काळे ठिपके. ओल्या कापसानं एक पुसला, कापूस गंजाच्या रंगाचा झाला. पचलेलं रक्त. माझंच, किंवा निम्मं नवऱ्याचं.

निम्मं नक्की त्याचं. ढेकूण भेदभाव करत नाही. चावल्याची खूण उठणं हे चावून घेणाऱ्याच्या कातडीवर असतं. चावताना तो लाळेतून असं काही सोडतो की टोचल्याचं कळत नाही आणि रक्त गोठत नाही. पाच-दहा मिनिटांत जेवण उरकून परत. त्या लाळेची कोणाच्या अंगाला ॲलर्जी येते, कोणाला काहीच होत नाही. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं तेव्हा तो कितीतरी वेळ स्वतःचे कोरे हात बघत बसला. मला, खोटं कशाला बोलू, थोडं समाधान वाटलं.

आले कुठून, याचा तपास आमच्या घरात आठवडाभर चालला आणि त्यात अर्धं नातं पणाला लागलं. स्लीपर बसनं येणारा भाचा. लग्नाहून परतलेली बॅग. सासूबाईंच्या वेळी भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. तो चालतो, आणि लांबचा प्रवास माणसाच्या सामानातून फुकटात करतो. स्वच्छतेशी त्याचा संबंध फार थोडा. त्याला खरकटं नको, कचरा नको. त्याला आपला श्वास, आपली ऊब आणि लपायला एक फट पुरते. हे कळूनही आपण चोरासारखे वागतो. गादी उन्हात टाकायची तर शेजारी उठायच्या आत. पेस्ट कंट्रोलवाल्याला फोनवर, "झुरळं फार झालीत हो." ढेकणाच्या संगानं हिरा भंगतो म्हणतात; हिऱ्याचं ठाऊक नाही, मध्यमवर्गीयांची पत नक्की भंगते.

माझ्या आईला ही लाज नव्हती. वर्ध्याकडच्या आमच्या घरी बाजा महिन्या-दोन महिन्यांनी अंगणात निघत, सगळ्यांच्या देखत. सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, सुंभ सैल करून झटकायचं, गादीखाली वेखंड. सगळ्यांच्याच घरी ढेकूण होते म्हणून कोणाच्याच घरी नव्हते. पाठीवर पंप लावून मलेरियाचे फवारणीवाले येत आणि दाराजवळ भिंतीवर तारीख लिहून जात. ती पांढरी भुकटी, म्हणजे डीडीटी, डासांसाठी होती, पण गावानं तिचं स्वागत केलं ते ढेकणांसाठी. पुढे ढेकूण मरेनासे झाले आणि लोक फवारणीवाल्यांना दारातूनच वाटेला लावू लागले. यात एक गंमत आहे. स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्यूलरनं डीडीटीची कीटक मारण्याची ताकद शोधली १९३९ मध्ये, त्याला नोबेल मिळालं १९४८ मध्ये, आणि १९४७ सालीच हवाईत पर्ल हार्बरच्या बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आपला राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला १९५३ मध्ये. ढेकूण आपल्या एक पाऊल पुढेच होता. आज फवारतात ती पायरेथ्रॉइड वर्गातली औषधंही किड्याच्या मज्जातंतूवर नेमक्या त्याच जागी घाव घालतात जिथं डीडीटी घालायचं. त्यामुळं ज्या ढेकणाचे पूर्वज तो घाव पचवायला शिकले, त्याला नवं औषध पुष्कळदा जुनंच वाटतं.

आमच्याकडे आलेला मुलगा हे सगळं जाणून होता, त्याच्या शब्दांत. "काकू, एका बारीत नाही जात जी हे. आज मारलं, पंधरा दिवसांनी परत यावं लागते. अंडे नाही मरत ना औषधानं." बरोबर आहे. मादी रोज दोन-चार अंडी चिकटवते, मिलिमीटरभराची, पांढरी, फटीत. आठ-दहा दिवसांत ती फुटतात. बाहेर आलेल्या पिलाला मोठं व्हायला पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्ताचं एक जेवण. म्हणून दुसरी फवारणी पहिलीइतकीच महत्त्वाची, आणि मधल्या दिवसांत आपण त्याच पलंगावर झोपायचं. हे मला सर्वांत जड गेलं. दुसऱ्या खोलीत झोपायला गेलो तर ते मागे येतात. न आले तर उपाशी काही महिने वाट बघतात. पलंगावर झोपून त्यांना औषधावरून चालायला लावायचं. म्हणजे मी आमिष.

मग नवतपा आला. सूर्य रोहिणीत शिरतो ते नऊ दिवस, २५ मेपासून. विदर्भाबाहेरच्यांना वाटतं आम्ही उन्हाच्या बढाया मारतो. २०१३ च्या मेमध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत, बढाईची गरज नाही. मी ठरवलं की या उन्हानं आजवर आमचं रक्त आटवलं, आता जरा कामाला यावं. तीन गाद्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकल्या, आणि जुनी सवय जात नाही म्हणून एका गादीच्या उसवलेल्या शिवणीतून प्रयोगशाळेतला थर्मामीटर आत सरकवला.

दुपारी दोनला प्लास्टिकवर हात ठेवता येत नव्हता. गादीच्या पोटात पारा होता ४१ वर. कापूस ही वस्तू ऊब अडवण्यासाठीच असते, दोन्ही बाजूंनी. ढेकूण मरायला ४५ अंशांवर दीड-दोन तास लागतात, त्याच तापमानाला अंडी सात तास तग धरतात, आणि अंडी झटक्यात मरायला ५५ च्या आसपास जावं लागतं. ढेकूण काही प्लास्टिकवर ऊन खात बसत नाही, तो खालच्या सावलीच्या अंगाला सरकतो. २०२४ च्या नवतप्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि देशभर बातमी झाली. मागाहून कळलं की सेन्सर बिघडला होता. खरा असता तर निदान अंड्यांचा प्रश्न सुटला असता. आमचं काय झालं असतं तो प्रश्न वेगळा.

शेवटी पिंजाऱ्याला बोलावलं. गाद्या उसवल्या, खोळी उकळल्या, कापूस यंत्रातून पिंजून घेतला. आता पिंजारी शोधावा लागतो. फोमच्या गाद्यांनी त्यांचा धंदा बसला. त्यानं खोळीकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. मला तो माणूस आवडला. दिवाणाचं प्लायवूड मात्र फेकलं नाही. फेकलेला दिवाण दुसरा कोणीतरी उचलून घरी नेतो, आणि मग ढेकूण त्याचे. स्क्रूच्या भोकांत वाफेची इस्त्री धरली, फटी पुट्टीनं बुजवल्या. पलंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचा जुना उपायही केला. त्याचा मला फार भरवसा नाही, कारण उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत भिंतीवर थंड देशांतल्या भावंडापेक्षा बरा चढतो, आणि भिंतीला टेकलेली एक चादर पुरते.

या सगळ्यात गुडघ्याचं काय झालं ते सांगायलाच नको. गाद्या उचलायच्या, दिवाणाखाली सरपटायचं, गच्चीचा जिना वर-खाली करायचा. पाण्यात आठवडाभर कमावलेलं एका दुपारी जायचं. फवारणीच्या दिवशी तलाव चुकवावा असं वाटलं, पण गेले.

मी जात राहिले याचं कारण मला बऱ्याच उशिरा समजलं. ढेकणांच्या दिवसांत चावणं हा त्रासाचा लहान भाग. मोठा भाग म्हणजे अंगाचा भरवसा जातो. केसाची बट मानेवर सरकली तरी हात जातो. गाऊनची शिवण लागली तरी दिवा लावायचा. रात्री तीनला जाग येते, काहीही नसतं, आणि मग झोप येत नाही. दिवसा बसमध्ये, बँकेत, देवळात, कुठंही काहीतरी चालतंय असं वाटतं. स्वतःचं शरीर म्हणजे कोणाचं तरी ताट, हा विचार डोक्यातून जात नाही. फक्त पाण्यात तो जायचा. शॉवरखाली उभी राहिले, टोपी घातली, छातीपर्यंत पाण्यात उतरले की अख्ख्या नागपुरात तेवढीच जागा अशी होती जिथं माझ्या अंगावर काही नाही याची मला खात्री होती. पाणी सगळीकडून एकसारखं दाबतं, आणि त्या दाबाखाली कातडी गप्प बसते. व्यायाम संपल्यावरही मी तशीच उभी राहायचे. तलावावरच्या मॅडम म्हणायच्या, "काकू, झालं तुमचं." झालं नव्हतं. (बाहेर आल्यावर क्लोरीननं कातडी कोरडी पडून त्याच गांधी दुप्पट खाजायच्या, हेही खरं. खोबरेल तेल घरी गेल्यावर. पाटी.)

आणि म्हणून तिथं खोटं बोलणं मला जमेना. एक दिवस कपडे बदलायच्या खोलीत मॅडमनी हात बघून विचारलं, "हे काय जी काकू? डॉक्टरला दाखवलं का?" क्लोरीन म्हणता आलं असतं. घामोळ्या म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "ढेकूण आहेत घरी. दोन फवारण्यांपैकी एक झालीय. हा काही लागणारा रोग नाही, पण माझी पिशवी मी प्लास्टिकमध्ये गाठ मारून आणते आणि बाकावर ठेवत नाही."

खोली क्षणभर थबकली. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि मला वाटलं होतं तसं मुळीच झालं नाही. सहानुभूती फारशी कोणी दाखवली नाही. उपाय मात्र भरभरून मिळाले. कडुनिंब, कापूर, रॉकेल, डांबरगोळ्या. रॉकेल आता मिळतं कुठं, यावर वेगळी चर्चा झाली. एकीनं शांतपणे आपली बॅग बाकावरून उचलून खुंटीला टांगली. तिच्या जागी मी असते तर तेच केलं असतं, आणि मी तिला तसं म्हटलंही. ती लाजली, पण बॅग खुंटीलाच राहू दिली. दुसरी, जी आजवर माझ्याशी गुडघ्यांपलीकडे काही बोलली नव्हती, ती पायऱ्या उतरताना म्हणाली, "आमच्याकडे मागच्या वर्षी होते. मी सुनेला पण नाही सांगितलं. तिनं मला नाही सांगितलं. दोघी आपापल्या खोलीत औषध मारून राहिलो." एका घरात दोन खोल्या, मध्ये एक भिंत, आणि ढेकूण रोज तिच्या आरपार ये-जा करत असणार, दोन्ही बाजूंच्या औषधाला चुकवत.

त्या दिवशी घरी जाऊन मी शेजारच्या वहिनींना सांगितलं. आमच्या दोन घरांची एक भिंत सामाईक आहे. त्यांना सांगणं हा मोठेपणा नव्हता, किडीचा हिशेब होता. त्या "बाप्पा!" म्हणाल्या आणि दोन दिवस बोलल्या नाहीत. नवराही दोन दिवस बोलला नाही, माझ्याशी. "गावभर दवंडी कशाला?" म्हणाला.

दुसरी फवारणी झाली. जूनच्या पावसानं गच्चीवरचं काळं प्लास्टिक खाली आणायला लावलं. आता नव्या गांधी नाहीत. तो मुलगा म्हणतो, दोन महिने काही दिसलं नाही तरच समजा. गुडघ्याचे डॉक्टर म्हणतात, तीन महिने नेमानं करा आणि मग बघू. दोघंही पैसे घेऊन मला थांबायलाच सांगतात. शाळा सुरू झाल्यामुळं उन्हाळी पोरं गेली, सकाळची उथळ बाजू आमचीच, आणि मी कठडा न धरता एका पायावर बऱ्यापैकी वेळ उभी राहते. जमिनीवर अजून नाही.

काल रात्री साडेदहाला वहिनींचा फोन. आवाज अगदी खाली.

"झोपल्या तर नाही ना? टॉर्च घेऊन येता का जरा? बाळूच्या दंडावर तीन उठले आहेत. रांगेत."

मी विचारलं, नवीन काही सामान आलं का घरात? त्या म्हणाल्या, नाही, फक्त बाळू हॉस्टेलवरून आला परवा. मग थांबून म्हणाल्या, "का तुमच्याकडूनच आले असतील?" असू शकतं, मी म्हटलं. तेही असू शकतं.

"मग काय करू? गादी बाहेर काढू का?"

"काही हलवू नका. दिवा लावू नका. सगळे आहात तिथंच झोपा, मी पहाटे साडेचारला येते, तलावावर जायच्या आधी. तेव्हा ते जेवायला बाहेर असतात. आणि हे बघा वहिनी, गादी उचलून आमच्या गच्चीवर तर मुळीच आणू नका."